विसाव्याची नीती

कठोपनिषदात यमाने नचिकेत्यापुढे श्रेयस आणि प्रेयस असे दोन मार्ग मांडले. तेव्हापासून आपल्याकडील नीतिविचाराला सुखाविषयी एक प्रकारचा संशय जडला आहे. जे हितकर ते श्रेयस, जे केवळ आवडते ते प्रेयस. शहाण्याने पहिले निवडावे आणि मूढाने दुसऱ्यामागे धावावे, अशी ही वाटणी आहे. मोठ्या प्रलोभनांच्या बाबतीत ती चोख लागू पडते. यमाने त्या मुलाला हत्ती, घोडे, सुवर्ण, दीर्घ आयुष्य आणि रथांत बसलेल्या सुंदर स्त्रिया देऊ केल्या होत्या, आणि हे सारे त्याने नाकारले यातच त्याचे थोरपण आहे. परंतु यमाने त्याला पावसाळ्यातील एका संध्याकाळी घराचा एक उबदार कोपरा, लोकरीचा एक गुंडा, दोन सुया आणि अर्धे वाचून ठेवलेले एक पुस्तक देऊ केले असते, तर नचिकेत्याने काय उत्तर दिले असते? हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. हत्ती आणि सुवर्ण नाकारण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर जन्मात येत नाही. आपली नीती कसाला लागते ती अशाच लहान सुखांपाशी.

विणकाम आणि निवांत वाचन ही दोन सुखे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. ती कोणाला उपद्रव देत नाहीत, त्यांना फारसा खर्च लागत नाही, आणि त्यांचा कोणी निषेधही करीत नाही. तरीही त्यांच्या बाजूने गंभीरपणे बोलणारा मनुष्य क्वचितच आढळतो. विणकामाचा उल्लेख निघाला की आपण प्रेमळपणे हसतो. आणि वाचनाची स्तुती करावयाची झाली तर ज्ञानप्राप्ती, चारित्र्यसंवर्धन, बहुश्रुतता अशी मोठमोठी प्रयोजने पुढे करतो. पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेऊन, कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे तर केवळ बरे वाटते म्हणून वाचलेल्या कादंबरीची बाजू कोण घेतो? तेव्हा प्रश्न असा की, ज्या विसाव्यातून दाखविण्याजोगे काही निष्पन्न होत नाही, त्याला नीतीच्या दरबारात काही स्थान आहे काय?

याचा निर्णय करण्यापूर्वी ही सुखे प्रत्यक्षात कशी असतात, ते नीट पाहिले पाहिजे. विणकामाची सामग्री पाहिली तर हसू यावे इतकी ती थोडी आहे. एक अखंड धागा आणि दोन सुया. टाके मूळचे दोनच, सुलटा आणि उलटा. आणि तेही खरे पाहता एकच, कारण सुलट्या टाक्याची मागची बाजू म्हणजेच उलटा टाका. या दोन अक्षरांच्या वर्णमालेतून टोपरी, मोजे, स्वेटर, शाली आणि त्यांवरील असंख्य नक्ष्या निर्माण होतात. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे परस्परांना छेदून बसतात. विणलेल्या वस्त्रात तसे नसते. तेथे एकच धागा स्वतःच्याच फासातून स्वतःला ओढून घेत पुढे जातो. म्हणूनच विणलेले वस्त्र ताणले तर ताणते आणि सोडले तर पूर्वस्थितीला येते. म्हणूनच ते उसवताही येते. मागावरचे कापड कापले की त्याचे तुकडे होतात. स्वेटर उसवला की पुन्हा धागाच हाती राहतो. थोरल्या मुलाला तोकडा झालेला स्वेटर उसवून, त्याच्या लडी करून, त्या धुऊन, खाली वजन बांधून वाळत घालून लोकरीतील मुरड घालवायची आणि त्याच लोकरीचा धाकट्यासाठी नवा स्वेटर विणायचा, हा उद्योग ज्या घरांत चालत असे त्या घरांना काटकसरीचा धडा पुस्तकातून शिकावा लागत नसे. आयुष्यात चुकलेली ओळ मागे जाऊन जशीच्या तशी उसवून पुन्हा घालण्याची सोय नाही. येथे ती आहे. वीस ओळींमागे एक टाका सुटलेला आढळला की विणणारी व्यक्ती सुस्कारा टाकते, सुई काढते, वीस ओळी उसवते आणि पुन्हा आरंभ करते. तिचे काम वाढते. पण काहीच बिघडत नाही.

वाचनाची रीत वरवर याच्या उलट आहे. विणताना हात गुंतलेले असतात आणि मन बरेचसे मोकळे असते. वाचताना हात निष्क्रिय असतात आणि मन दूरदेशी गेलेले असते. परंतु दोहोंचे आंतरिक साम्य मोठे आहे. दोन्ही गोष्टी सावकाश होतात आणि घाई केल्याने बिघडतात. दोन्हींत ओळीमागून ओळ येते. दोन्ही मध्येच खाली ठेवता येतात आणि जेथे ठेवल्या तेथून पुन्हा उचलता येतात. आणि दोन्हींना प्रेक्षक लागत नाही. म्हणूनच ही दोन सुखे फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एकाने मोठ्याने वाचावे आणि इतरांनी हातातले शिवणटिपण चालू ठेवून ऐकावे, ही इंग्लंडातील मध्यमवर्गीय घरांची एके काळची संध्याकाळ होती. आपल्याकडेही ही व्यवस्था परकी नाही. चातुर्मासात दुपारच्या वेळी कोणीतरी 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' वाचावयास बसे, आणि भोवती बसलेल्या स्त्रियांच्या बोटांखाली कापसाच्या वाती वळल्या जात. वातींची मोजदाद बोटे ठेवीत आणि कथेची मोजदाद मन ठेवी. श्रीधराच्या ओव्या कानावर पडत असता हात रिकामे ठेवावेसे त्यांना वाटत नसे. आणि हात गुंतलेले असल्यामुळेच मन एका ठिकाणी बसत असे.

आपल्या प्रांतातील विणकामासंबंधी आणखी एक विशेष सांगण्यासारखा आहे. महाबळेश्वर, नाशिक, पुणे, नागपूर येथील हिवाळ्याचे काही आठवडे सोडले, तर महाराष्ट्राला लोकरीची निकड फारशी नाही. मुंबई-कोकणाला तर जवळजवळ नाहीच. तरीही विणकाम येथे रुजले. इंग्रजी अमदानीत मिशनच्या शाळांतून आणि पुढे इतर कन्याशाळांतून ते घरोघर आले, आणि थंडीची गरज नसताना ते का टिकले याचे उत्तर घरात येणाऱ्या नव्या जिवात आहे. आपल्याकडे सुया हातात घेतल्या जात त्या बहुधा बाळाच्या टोपऱ्यासाठी आणि वीतभरही नसलेल्या मोज्यांसाठी. म्हणजे आपल्याकडील विणकाम हे थंडीच्या निवारणापेक्षा प्रतीक्षेचे साधन होते. जो अजून आला नाही त्याच्यासाठी काही करता येत नाही, आणि काही न करता बसवतही नाही. अशा वेळी टोपरे विणले जाई. ऊब हा शब्द मराठीत अंगाला आणि मनाला एकाच वेळी लागू पडतो, तो उगाच नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, अशी सुखे म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे होय. याला सामान्यतः असे उत्तर देण्यात येते की, अशा शांत उद्योगांनी मन निर्मळ होते आणि निर्मळ मनाचा मनुष्य सज्जन होतो. हे उत्तर मला मान्य नाही. पॅरिसच्या वधस्तंभापाशी बसून विणकाम करणाऱ्या स्त्रिया फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. आणि डिकन्सने १८५९ च्या आपल्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीत मादाम दफार्ज हे पात्र उभे केले आहे, ती तर ज्यांना मारावयाचे त्यांची नावेच टाक्यांच्या सांकेतिक लिपीत विणून ठेवते. तिचे हात कोणत्याही आजीच्या हातांइतकेच शांत आहेत. वाचनाचीही तीच कथा. उत्तम ग्रंथांच्या सहवासात आयुष्य काढून घरच्या माणसांशी निष्ठुरपणे वागणारे विद्वान प्रत्येक पिढीने पाहिले आहेत. हातांची शांती म्हणजे हृदयाची शुद्धी नव्हे. तेव्हा या सुखांचे समर्थन करावयाचे ते त्यांच्या अंगी नसलेले सद्गुण त्यांना चिकटवून करता येणार नाही.

दुसरे एक समर्थन अधिक व्यवहारी आहे. मनुष्याने विसावा घ्यावा, कारण विसावलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी अधिक काम करतो. यात तथ्य आहे. परंतु हे तथ्य गाडीवानाने बैलांविषयी सांगावे तसे आहे. बैलाला सावलीत सोडावयाचे ते उद्या त्याला पुन्हा जुंपता यावे म्हणून. ॲरिस्टॉटलने हा क्रम उलटा मांडला होता. त्याच्या मते आपण कामाचा खटाटोप करतो तो निवांतपणा लाभावा यासाठी. निवांतपण हे साध्य आणि धडपड हे साधन. मात्र हे सांगताना त्याच्या नगरातील गुलामांना त्याने हिशेबात धरले नव्हते, आणि त्या एका उणिवेने त्याचा सिद्धांत किती लंगडा पडतो ते पुढे दिसेलच. तरी मूळ विचार खरा आहे. विसावा कामाचा नोकर नाही. ज्या वेळात मनुष्य कोणाच्या उपयोगी पडत नसतो, त्या वेळातही तो मनुष्यच असतो, आणि त्याचे मूल्य त्या वेळापुरते रद्द होत नाही. एपिक्युरसने इसवी सनापूर्वी ३०६ च्या सुमारास अथेन्समध्ये आपली बाग घेतली. त्याचे नाव पुढे चैनीशी जोडले गेले. पण त्याची स्वतःची चैन कसली, तर मित्राने पाठविलेल्या चीजच्या लहानशा भांड्याची. जे थोडक्यात भागते आणि ज्यानंतर पश्चात्ताप होत नाही ते सुख निर्दोष, एवढेच त्याचे म्हणणे होते. दोन सुयांचे आणि एका पुस्तकाचे सुख या व्याख्येत बसते.

परंतु येथे एक सूक्ष्म शंका उपस्थित होते. त्याच त्या टाक्यांची पुनरावृत्ती मनाला विसावा देते की मनाला बधिर करते? या प्रश्नावर आपल्या देशात एक मोठा वाद होऊन गेला आहे. महात्मा गांधींनी सूतकताईला यज्ञाचे स्वरूप दिले आणि प्रत्येकाने रोज काही वेळ कातावे असा आग्रह धरला. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२५ साली 'मॉडर्न रिव्ह्यू' मध्ये लेख लिहून या चरखापंथावर टीका केली. त्याच वर्षी गांधीजींनी 'यंग इंडिया' त त्याला उत्तर दिले. एकच क्रिया सर्वांनी यंत्रवत करीत राहिल्याने बुद्धीला जडत्व येईल आणि माणसामाणसांतील वेगळेपण पुसले जाईल, अशी कवीची भीती होती. ज्या देशात कोट्यवधी हातांना वर्षातील कित्येक महिने काम नाही, तेथे हे थोडेसे श्रम सर्वांनी वाटून घेणे ही भुकेल्यांशी नाते जोडण्याची रीत आहे, असा महात्म्यांचा आशय होता. दोघेही थोर आणि दोघेही आपापल्या जागी खरे. माझ्या विषयापुरता मी या वादातून एवढाच बोध घेतो की, पुनरावृत्ती स्वतः तारकही नाही आणि मारकही नाही. ती कोणी निवडली आणि ती कोणाला सोडून देता येते, यावर सारे अवलंबून आहे. स्वतःच्या इच्छेने घेतलेल्या सुया मन मोकळे करतात. तीच बोटे तीच हालचाल गिरणीत पोटासाठी बारा तास करू लागली की मन मरगळते. क्रिया एकच; परंतु एकीकडे ती विसावा आहे आणि दुसरीकडे ती वेठ आहे.

असे असेल तर विसाव्याच्या नीतीचा खरा प्रश्न निराळाच ठरतो. हे सुख चांगले की वाईट, हा तो प्रश्न नव्हे. हे सुख कोणाला मिळते, कोणाच्या जिवावर मिळते, आणि ते घेताना कोणाला जाब द्यावा लागतो, हा तो प्रश्न होय.

आपल्याच घरांचा इतिहास पाहावा. पुरुष पुस्तक घेऊन बसला की त्याला वाचन म्हणत. स्त्री पुस्तक घेऊन बसली की तिला काम नाही असे म्हणत. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रमाबाईंचा विवाह महादेव गोविंद रानड्यांशी झाला. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला. पण त्या शिकण्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा जो जाच त्यांना सोसावा लागला, त्याची हकीकत १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यांनी कडवटपणाचा लेशही न आणता सांगितली आहे. वाचणे हा त्या घरात सुनेचा अपराध होता, आणि तो अपराध ठरविणाऱ्याही स्त्रियाच होत्या, कारण त्यांनाही कोणी कधी विसाव्याची परवानगी दिली नव्हती. ज्याला स्वतः कधी बसावयास मिळाले नाही त्याला दुसऱ्याचे बसणे पाहवत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. पुण्यातील मुलींच्या हायस्कुलाची, म्हणजेच हुजूरपागेची, स्थापना १८८४ साली झाली. त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर माजलेल्या वादात, मुलींना इंग्रजी विद्येपेक्षा शिवणकाम आणि गृहकृत्ये अधिक शिकवावीत असा एक प्रबळ पक्ष होता. सुई आणि पुस्तक यांना त्या काळी एकमेकांविरुद्ध उभे करण्यात आले, ते असे.

आणि येथेच विणकामाचे एक विलक्षण सामाजिक कार्य ध्यानात येते. सुया हातात असल्या की स्त्रीला बसण्याचा परवाना मिळे. ती रिकामी नव्हती; ती कोणासाठी तरी काही करीत होती. त्या उपयुक्ततेच्या आडोशाला तिला एक तास स्वतःचा मिळे, ज्यात ती आपल्या मनाशी काय विचार करते हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नसे. रुखवतात मांडलेल्या लोकरीच्या तोरणांकडे आणि क्रोशाच्या रुमालांकडे आजचा शिक्षित तरुण काहीशा कंटाळ्याने पाहतो. त्यातील किती टाके हौसेचे होते आणि किती टाके केवळ बसावयास मिळावे म्हणून घातलेले होते, हे त्या तोरणावरून ओळखता येत नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली, लेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीला वर्षाचे पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, असे प्रतिपादन केले. ज्या घरांत खोली मिळणे शक्य नव्हते त्या घरांत दोन सुयांनी एक अदृश्य खोली उभी केली. पण तिचे भाडे दरवेळी एका स्वेटराने चुकवावे लागे, हे विसरता येत नाही.

हा सारा भूतकाळ झाला असे कोणी म्हणेल तर त्याने आकडे पाहावेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली माणसांचा दिवस कसा खर्च होतो याची देशभर पाहणी केली. तीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करताना आढळल्या, तर पुरुषांपैकी शेकडा २६. जे असे काम करतात त्यांतही स्त्रीचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. म्हणजे हात लावणाऱ्या पुरुषापेक्षाही हात लावणाऱ्या स्त्रीचे सुमारे सव्वातीन तास रोज अधिक जातात. सव्वातीन तासांत एखादी मध्यम आकाराची कादंबरी निम्मी वाचून होते. शिकलेल्या, उदारमतवादी म्हणविणाऱ्या घरांतही रात्री पुस्तक कोणाच्या हातात असते आणि ओट्यापाशी अजून कोण उभे असते, याचा प्रत्येकाने आपल्यापुरता शोध घ्यावा. त्यासाठी सरकारी पाहणीची गरज नाही.

घराबाहेर पाहिले तर हिशेब आणखी लांबतो. आपल्या गुडघ्यांवरच्या लोकरीची मूळची कथा डोंगरमाळावर सुरू होते. दख्खनी मेंढीची राठ लोकर कातरून मेंढपाळ मेंढरांमागे चालता चालता टकळीवर तिचे सूत काढीत आला. सनगराने ते सूत चिंचोक्याची खळ लावून मागावर चढविले आणि घोंगडी विणली. त्याच्या लेखी लोकर हा विरंगुळा कधीच नव्हता. उघड्या माळावरची थंडी, पाऊस आणि पोट यांच्याशी ती झुंज होती. ज्या मुंबईने सुताच्या जोरावर वैभव मिळविले, त्या मुंबईतील गिरणी कामगार एकोणिसाव्या शतकात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत, आणि आठवड्याची सुट्टी हा त्यांचा हक्क नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारून ती मागितली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ज्या रविवारी आपण पुस्तक उघडून निवांत बसतो, त्या रविवारामागे सहा वर्षांचा झगडा आहे. लोखंड्यांनी त्या माणसांसाठी मागितले होते ते केवळ अधिक वेतन नव्हते. मालकाला जाब न देता बसण्याचा एक दिवस त्यांनी मागितला होता. विसावा ही सुखवस्तूंची चैन नसून मनुष्यमात्राचा अधिकार आहे, हे आपल्या प्रांतात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी नव्हे, तर गिरणगावाने प्रथम ठामपणे सांगितले.

येथे सर्वांत कठीण आक्षेप समोर येतो. जोपर्यंत एका माणसालाही हा अधिकार नाही, तोपर्यंत आपण तो भोगणे अनीतीचे नव्हे काय? शेजारचा भिजत असता आपण उबेत कसे बसावे? हा आक्षेप मनाला टोचतो आणि तो टोचलाच पाहिजे. तरीपण त्यातून निघणारा निष्कर्ष मला बरोबर वाटत नाही. आपला कोपरा थंड केल्याने शेजाऱ्याचा कोपरा उबदार होत नाही. स्वतःचे प्रत्येक सुख गुन्हा मानणारा मनुष्य काही काळाने दुसऱ्याचे सुखही गुन्हा मानू लागतो. आणि त्याने काढलेली संस्था, त्याने चालविलेले घर, त्याने शिकविलेला वर्ग या सर्व ठिकाणी एक प्रकारचा कोरडा धाक भरून राहतो. रमाबाईंना छळणाऱ्या त्या स्त्रियांची निष्ठुरता चैनीतून आली नव्हती. ती न मिळालेल्या विसाव्यातून आली होती. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो हे सांगताना आहार, विहार, झोप आणि जागरण या सर्वांत प्रमाण सांभाळणाऱ्याचे नाव घेतले आहे. देहाला पिडणाऱ्याचे नव्हे. ज्याला ऊब माहीत आहे त्यालाच दुसऱ्याच्या थंडीची कल्पना येते. मात्र ही कल्पना येऊनही जो उठत नाही, त्याची ऊब कुजू लागते. म्हणून सुख टाकणे हे कर्तव्य नव्हे. सुख वाटणे हे कर्तव्य होय, आणि ते टाकण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. टाकलेल्या सुखाचा अभिमान बाळगता येतो. वाटलेल्या सुखात अभिमानाला जागा नसते, कारण त्यासाठी भांडी आपण घासावी लागतात.

आजच्या काळाने या प्रश्नात एक नवीनच गुंतागुंत आणली आहे, तिचा ओझरता उल्लेख पुरे. अलीकडे विसावा हीच एक विक्रीची वस्तू झाली आहे. उबदार कोपऱ्याची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर मांडली जातात, न विणलेल्या लोकरीने कपाटे भरतात, आणि न वाचलेल्या पुस्तकांचे ढीग हौसेने मोजले जातात. दुकानात लोकर म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा तर मेंढीच्या अंगावर कधी नव्हताच. तो रासायनिक कारखान्यात तयार झालेला असतो. याबद्दल फार चिडण्याचे कारण नाही. परंतु ज्या क्षणी विसाव्याला प्रेक्षक लागू लागतो त्या क्षणी त्याला पुन्हा जाब द्यावा लागतो, मग तो सासूऐवजी अनोळखी लोकांना का असेना. सुटका झाली असे वाटत असताना परवान्याची जुनी पद्धत नव्या रूपाने परत आली, एवढे ओळखले म्हणजे झाले.

सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कल याने म्हटले आहे की, माणसाच्या बहुतेक संकटांचे मूळ, त्याला एका खोलीत स्वस्थ बसता येत नाही यात आहे. हे वचन मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना समजावून देत आलो, आणि प्रत्येक वेळी मला वाटत आले की त्याला एक पुरवणी जोडली पाहिजे. कित्येकांना स्वस्थ बसता येत नाही. त्याहून अधिक जणांना स्वस्थ बसू दिले जात नाही. पहिल्यांचा दोष मनाचा आहे, त्यांना सुया आणि पुस्तके उपयोगी पडतील. दुसऱ्यांचा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो सुया-पुस्तकांनी सुटणारा नाही. तो घरात कामाची वाटणी करून, कारखान्यात तास मर्यादित करून, आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्याही आठवड्यात एक सुट्टीचा दिवस मोजून सुटेल.

तेव्हा नचिकेत्याला तो उबदार कोपरा देऊ केला असता तर त्याने काय करावयास हवे होते, याचे माझे उत्तर असे आहे. त्याने तो स्वीकारण्यास हरकत नव्हती. श्रेयस आणि प्रेयस यांची ताटातूट जेथे अटळ नाही, अशा थोड्या जागांपैकी ती एक आहे. परंतु बसण्यापूर्वी त्याने यमाला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता: या कोपऱ्यात जागा किती जणांना आहे, आणि माझ्यासाठी तो झाडून ठेवणारा स्वतः केव्हा बसतो? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर रोज संध्याकाळी प्रामाणिकपणे दिले जाते, त्या घरातील स्वेटर अर्धवट राहिला किंवा कादंबरी महिनाभर लांबली, तरी तेथील विसाव्याला कोणाचीही क्षमा मागण्याचे कारण नाही.